क्रीडा भौतिकोपचार (मराठवाडा)

खेळताना किंवा कसरत करताना झालेली दुखापत मुख्यतः व्यायामातून बरी करण्याचे, खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवण्याचे आणि त्याची ताकद, चपळाई व तोल वाढवण्याचे शास्त्र. रोजच्या बोलण्यात याला स्पोर्ट्स फिजिओथेरपी म्हणतात. ‘फिजिओ म्हणजे मशीनचा शेक’ हा समज सर्रास आढळतो. शेकाने दुखणे तात्पुरते कमी होते, पण कमकुवत स्नायू त्याने बळकट होत नाही.

मराठवाड्यात या उपचाराची सर्वाधिक गरज पदकविजेत्यांपेक्षा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना आहे. बीड, परभणी, नांदेडच्या बाहेर पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी ही मुलेमुली. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक असतेच. जाहिरात निघाली की सराव एकदम दुप्पट होतो आणि नडगी धरते. धावण्याच्या भाराने हाड हळूहळू मजबूत होते, पण त्याला आठवडे लागतात. भार त्याआधीच वाढला तर नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागते आणि तसेच रेटले तर हाडाला बारीक चीर पडते. बोटाने दाबत गेल्यावर वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुधा हाडाच्या कडेवरचा ताण असतो. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर चिरेचा संशय घ्यावा. सुरुवातीच्या एक्स-रेत ती अनेकदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आला’ एवढ्यावर पुन्हा धावायला लागू नये. चीर नसेल तर धावणे कमी करून मातीच्या वाटेवर आणतात आणि पोटरी बळकट करतात: पायरीच्या कडेवर चवडा टेकवायचा, टाच सावकाश वर न्यायची, त्याहून सावकाश खाली सोडायची. नुसती विश्रांती घेऊन परतणाऱ्याची नडगी पुन्हा दुखते ती हाच भाग राहून गेल्यामुळे.

तालमीतले जोर, बैठका हा आजही उत्तम ताकदीचा व्यायाम आहे. मात्र मुरगळलेला, सुजलेला घोटा ओढून ‘बसवून’ घेणे धोक्याचे. चार पावलेही टाकता येत नसतील तर आधी एक्स-रे काढावा.

धाराशिव हा खो-खोचा बालेकिल्ला. इथल्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. उकिडवे बसून झटक्यात उठणे, खांबाला वळसा, सूर मारणे या साऱ्याचा भार गुडघ्यावर येतो. म्हणून एका पायावर उतरताना गुडघा आत झुकू न देण्याचा सराव मुलींकडून लहानपणापासूनच करून घ्यायला हवा.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले. या शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात. जुलै 2025 मध्ये मोनॅकोतील शर्यतीत ते पडले. गुडघ्याचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा, लिगामेंट) आणि कूर्चा (हाडांमधली गादी) फाटली, शस्त्रक्रिया करावी लागली. अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण 9 महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरू देत नाहीत आणि तेव्हाही जखमी पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरली, एका पायावरच्या उडीत अंतर जवळपास सारखे आले, तरच परवानगी देतात.