फ्रोझन शोल्डर आणि रोटेटर कफ: कोपर कमरेला लावून बघा

मुंबईत खांदा दुखायला लागला की निदान सोसायटीच्या लिफ्टमध्येच होतं. "अगं, फ्रोझन शोल्डर झालंय तुला. माझ्या जावेला झालं होतं." पाठोपाठ उपाय: भिंतीवर बोटं चालव, दाराला पुली लाव, दुखलं तरी ओढत राहा.

फ्रोझन शोल्डर आता सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं. बहुधा 40 ते 60 या वयात होतं, मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांना जास्त. आधी ठणका, मग आखडणं, मग सावकाश मोकळं होणं. एक ते तीन वर्षं सहज जातात.

रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा गोळा वाटीत धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्या. हे कंडरे झिजतात, दुखावतात, कधी फाटतात. खांदेदुखीचं हे कारण फ्रोझन शोल्डरपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, पण नाव मात्र दुसऱ्याचंच होतं.

लक्षणांवरून ओळखायला जाल तर फसाल. त्या कुशीवर झोपवत नाही, ब्लाऊजचा हूक लावता येत नाही, लोकलमधली वरची कडी धरताना कळ जाते, हे दोन्हींत होतं. फरक कळतो तो दुसऱ्याने हात हलवून पाहिल्यावर. कोपर 90 अंशांत वाकवून कमरेला चिकटवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. आता तुम्ही हात सैल सोडा आणि घरातल्या कोणाला तरी तो अलगद फिरवू द्या. त्यांच्याकडूनही दुसऱ्या हाताच्या निम्म्यावरच अडला, आत काहीतरी घट्ट बसल्यासारखा, तर आवरण आकसलेलं असण्याची शक्यता मोठी. त्यांच्या हाताने मात्र जवळजवळ पूर्ण फिरला, आणि तुम्हाला स्वतःहून तो फिरवताना किंवा उचलतानाच दुखतं, जोर लागत नाही, तर संशय कफवर. सांध्याची झीजही हात असाच अडवते, म्हणून एक साधा एक्स-रे काढावा.

हे कळलं नाही तर उपचार उलटे होतात. फ्रोझन शोल्डरच्या ठणक्याच्या काळात जबरदस्तीने ताणलं की दुखणं भडकतं. तेव्हा सोसेल इतकीच हालचाल, आणि सुरुवातीलाच सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर बरेचदा चांगला आराम पडतो. मधुमेह्यांनी पुढचे काही दिवस साखर तपासत राहावं. कफला हवा भार: रबरी पट्टा, हळूहळू वाढणारी ताकद, निदान 12 आठवडे. आधीच मोकळा असलेला सांधा पुलीवर ताणून त्याला काय मिळणार? हात गळ्यात बांधून बसणंही तितकंच वाईट.

माझा खरा राग त्या फिजिओंवर आहे जे खांद्याला हात न लावता रांगेतल्या प्रत्येकाला तीच विजेची पॅडं आणि शेक देतात. पॅडं काढली की घटकाभर बरं वाटतं, एवढंच. एमआरआयची घाईही नको. साठीनंतर न दुखणाऱ्या खांद्यातही फाटलेला कंडरा दिसतो.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. पडलात, आणि त्यानंतर हात वर जाईनासा झाला, तर व्यायाम, शेक सगळं बाजूला ठेवून त्याच आठवड्यात अस्थितज्ज्ञाला दाखवा.