ओव्हरक्लॉकिंगक्षम प्रोसेसर : वाढीव किंमत आणि उपयुक्तता

उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा प्रोसेसर अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, आणि त्यासाठी ज्याचा गुणक खुला ठेवलेला असतो तो ओव्हरक्लॉकिंगक्षम प्रोसेसर होय. प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ ठोका (क्लॉक) गुणिले गुणक. मूळ ठोका सामान्यतः १०० मेगाहर्ट्‌झचा असतो. गुणक ५० ठेवल्यास वेग ५ गिगाहर्ट्‌झ होतो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत नावाअखेरचे ‘के’ हे अक्षर खुल्या गुणकाची खूण आहे. एएमडीच्या रायझन मालिकेत गुणक बहुधा खुलाच मिळतो, त्यामुळे वाढीव किमतीचा प्रश्न मुख्यतः इंटेलच्या ग्राहकाला पडतो.

१९९८ साली आलेल्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरची बस (म्हणजे त्याचा मूळ ठोका) ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली की पुष्कळ नग ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्‌झवर बिनतक्रार चालत. तसा फुकटचा दीडपट वेग आता मिळत नाही, कारण टर्बो बूस्टसारख्या, गरजेनुसार वेग आपोआप वाढवणाऱ्या सोयींमुळे प्रोसेसर आपली शिल्लक ताकद स्वतःच वापरून टाकतो आणि हाताने वाढवण्यासारखे फार थोडे उरते.

खर्च मात्र केवळ प्रोसेसरपुरता नसतो. इंटेलचा गुणक वाढवण्यासाठी झेड मालिकेच्या चिपसेटचा (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपचा) महाग मदरबोर्ड लागतो, ‘के’ प्रोसेसरच्या खोक्यात हल्ली पंखा येत नाही, म्हणून तो वेगळा घ्यावा लागतो, आणि एसएमपीएसही (संगणकाला वीज पुरवणारा डबा) दमदार लागतो. दुसरीकडे, ‘के’ची सगळीच जादा किंमत कुलूप उघडण्याची नसते : आय५-१२४०० मध्ये सहा कोअर (काम करणारी स्वतंत्र केंद्रे) आहेत, तर आय५-१२६००के मध्ये दहा, आणि त्याचा कमाल वेगही मुळातच जास्त आहे. त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्या तालुक्याच्या स्टुडिओला ‘के’ परवडू शकतो, पण तो कोअरसाठी. सातबारा आणि दाखल्यांच्या छपाईवर चालणाऱ्या सेवा केंद्राला त्याचा उपयोग जवळपास नाही.

ग्रामीण विदर्भात हा हिशेब उन्हाळ्यावर येऊन ठेपतो. प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर वापर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो आणि ती सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. हीटसिंक (प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती) प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी किंवा अकोला भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात, ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला टेकलेला प्रोसेसर आपणच वेग कमी करतो; जानेवारीत पैसे मोजून मिळवलेला वेग असा मेमध्ये परत जातो. (कूलर म्हटल्यावर इथे वाळ्याच्या ताट्यांचाच आठवतो, तो खोली थंड करतो खरा, पण दमट हवा आणि धूळही आत आणतो, आणि हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचली की मोठा पंखाही निष्प्रभ ठरतो.)

विजेच्या अनियमित पुरवठ्याचाही विचार करावा लागतो. व्हिडिओचे दोन तासांचे रेंडरिंग (अंतिम फाइल तयार करणे) वेग ८ टक्क्यांनी वाढल्यास सुमारे ९ मिनिटे आधी संपते. पण ऐन कामात वीज गेली आणि वाढलेल्या वापरामुळे यूपीएस लवकर उतरला, तर ते सारे पुन्हा करावे लागते. मदरबोर्डवर वाचलेले पैसे चांगल्या यूपीएसवर किंवा एसएसडीवर (वेगवान साठवण डिस्कवर) घालणे म्हणूनच अधिक फायद्याचे ठरते. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी वॉरंटीत बसेलच असे नाही, आणि बिघडलेला नग घेऊन नागपूर किंवा अमरावतीला खेपा घालाव्या लागतात त्या वेगळ्याच.

खुल्या सेटिंगचा उलटा उपयोगही करता येतो. काही रायझन प्रोसेसरांतील इको मोड १०५ वॉटच्या वर्गातील प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गात आणतो. वेग थोडा घटतो, उष्णता बरीच कमी होते, आणि पावसाळा लागल्यावर हा मोड बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) पुन्हा बंद करता येतो.