फट जितकी अरुंद, तितका उजेड फाकतो

दोन पेन्सिली शेजारी शेजारी उभ्या, डोळ्याच्या अगदी जवळ धरा आणि मधल्या फटीतून रात्री लांबचा एखादा दिवा बघा. आता पेन्सिली हळूहळू जवळ आणा. फट कमी झाली की दिवाही बारीक दिसेल असं वाटतं. होतं उलटंच. फट केसाएवढी उरली की उजेड डावी-उजवीकडे फाकतो, त्याचा आडवा पट्टा होतो आणि नीट पाहिलं तर पट्ट्यात उभ्या काळ्या रेघा दिसतात. फट आणखी आवळा, पट्टा आणखी रुंद होईल.

हे विवर्तन. पाठ्यपुस्तकात ते 'कडेपाशी लाटा वळतात' एवढ्यावर उरकलं जातं. आवळल्यावर लाट जास्त का फाकते, हा त्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न मात्र तसाच राहून जातो.

त्याच्या उत्तराचा पाया डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी 1690 साली छापलेल्या ग्रंथात आहे. पुढे सरकणाऱ्या लाटेचा प्रत्येक बिंदू स्वतः एक छोटी लाट सोडतो, असं समजा. या छोट्या लाटा एकमेकींत मिसळतात. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगट भागावर आला की दोघी एकमेकींना खोडून काढतात. रुंद वाटेत बाजूला जाणाऱ्या प्रत्येक छोट्या लाटेला खोडणारी दुसरी कुठून तरी मिळतेच, म्हणून लाट मुख्यतः सरळ जाते. वाट अरुंद केली की खोडणाऱ्याच कमी होतात आणि बाजूला निघालेल्या लाटा टिकून राहतात.

इथे अरुंद-रुंद ठरतं ते तरंगलांबीच्या, म्हणजे लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधल्या अंतराच्या मापाने. फट तरंगलांबीच्या शंभर पट असेल तर मधला मुख्य झोत दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा-अर्धा अंश फाकतो. दहा पट असेल तर सहा-सहा अंश. फट तरंगलांबीएवढी झाली की लाट पलीकडे सगळीकडे पसरते.

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथक दोन गल्ल्या पलीकडे असतं, तेव्हा घरात ढोलाचा घुमारा पोचतो आणि ताशाची तडतड विरलेली असते. 100 हर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी साधारण 3.4 मीटर, म्हणजे बोळ आणि घरांच्या कोपऱ्यांच्याच मापाची. तो सहज वळसा घेतो. 10,000 हर्ट्‌झच्या आवाजाची फक्त 3.4 सेंटिमीटर. त्याच्यासमोर इमारत म्हणजे भिंतच.

समुद्राच्या लाटांची लांबी दहा मीटरपासून शंभर-दीडशे मीटरपर्यंत असते, म्हणून बंदराच्या ब्रेकवॉटरचं, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाचं, टोक ओलांडून त्या आतल्या शांत पाण्यात वळतात. बंदराचं तोंड किती ठेवायचं आणि बांध कुठवर न्यायचा, हे त्यावर अवलंबून असतं. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात यासाठी बंदरांची छोटी प्रतिरूपं बांधून त्यांत लाटा सोडून पाहतात.

प्रकाशाच्या बाबतीत हे मान्य व्हायला फार वेळ लागला, कारण त्याची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. बोलोन्याच्या फ्रांचेस्को ग्रिमाल्डी या पाद्र्याला सावलीच्या कडेला रंगीत पट्टे दिसले होते. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1665 साली आलं. पण प्रकाश लाट असता तर आवाजासारखा सावलीत शिरला असता, असं न्यूटनचं म्हणणं होतं, आणि त्याच्या शब्दापुढे शंभर वर्षं फारसं कोणी गेलं नाही.

मग फ्रेंच विज्ञान अकादमीने विवर्तनावर स्पर्धा लावली. 1818 साली ऑग्युस्तँ फ्रेनेल या रस्ते-पूल खात्यातल्या तरुण इंजिनिअरने निबंध पाठवला. हायगेन्सच्या छोट्या लाटा आणि त्यांची परस्परांतली खोडाखोड यांचं गणित त्याने एकत्र मांडलं होतं. परीक्षकांत सिमेऑं प्वासाँ होता, प्रकाश म्हणजे लाट नव्हे, कण असं मानणारा आणि गणितात पक्का. त्याने फ्रेनेलचंच सूत्र घेऊन दाखवलं की गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी लखलखीत ठिपका पडायला हवा. सावलीच्या मधोमध उजेड! प्वासाँच्या मते सिद्धान्त मोडीत काढायला एवढं पुरेसं होतं.

समितीतल्या फ्रांस्वा अरागोने मात्र प्रयोग करून पाहिला. 2 मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवली, आणि ठिपका तिथे होता. कारण सरळ आहे: सावलीच्या मध्यबिंदूपासून चकतीच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू सारख्याच अंतरावर असतो, त्यामुळे कडेवरून निघालेल्या सगळ्या लाटा तिथे एका तालात पोचतात. 1819 साली बक्षीस फ्रेनेलला मिळालं. ठिपक्याला मात्र तो अशक्य म्हणणाऱ्या प्वासाँचंच नाव बरेच जण देतात. विज्ञानाच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार प्रिय आहे. विरोधकाने इतका चोख हिशोब केला, म्हणूनच सिद्धान्ताची खरी कसोटी लागली.

पेन्सिलींच्या फटीचा नियम दुर्बिणीलाही सुटत नाही, कारण दुर्बिणीचं तोंड हीसुद्धा एक फटच. तोंड लहान, तर ताऱ्याचा ठिपका मोठा आणि पसरट. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. 21 सेंटिमीटरच्या रेडिओलहरी बघताना अशा एकाच तबकडीला चंद्रबिंबाहून थोडाच लहान भाग एका ठिपक्यासारखा दिसतो, त्यातले बारकावे कळत नाहीत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तबकड्या सुमारे 25 किलोमीटरवर पसरवल्या आणि सगळ्यांचे संकेत एकत्र जोडले. त्यामुळे बारकावा ठरवताना दुर्बिणीचं तोंड जणू 25 किलोमीटरचं होतं, आणि दिसणारा तपशील अंशाच्या सुमारे अठराशेव्या भागाइतका बारीक होतो.

या तबकड्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. जाळीची भोकं 1 ते 2 सेंटिमीटरची, म्हणजे 21 सेंटिमीटरच्या लहरीपेक्षा पुष्कळ लहान, त्यामुळे लहर त्यांतून जवळजवळ गळत नाही, परावर्तितच होते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी बरीच हलकी आणि स्वस्त बांधता आली.