द वे ऑफ द ड्रॅगन (चित्रपट)

'द वे ऑफ द ड्रॅगन' हा १९७२ सालचा हाँगकाँगचा कुंगफू चित्रपट. लेखक, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही ब्रूस ली (१९४०–१९७३). संपूर्णपणे त्याच्या दिग्दर्शनाखाली पुरा झालेला हा एकमेव चित्रपट.

रोममध्ये चेन चिंग-ह्वा (नोरा मियाओ) एक चिनी रेस्टॉरंट चालवते. त्या जागेवर डोळा असलेला स्थानिक गुंडांचा म्होरक्या माणसे पाठवून गिऱ्हाइकांना पळवून लावतो. तिच्या मदतीला हाँगकाँगहून तांग लुंग हा खेडवळ तरुण येतो. पुढची कथा साधी, सुडाच्या ठरीव वळणाची आहे.

चित्रपटाचे खरे बळ सुरुवातीच्या काही मिनिटांत आहे. विमानतळावर एक वयस्क गोरी बाई तांग लुंगकडे टक लावून पाहत राहते. ती बोलत काही नाही, पण तो जागच्या जागी अवघडतो. भूक लागली म्हणून तो तिथल्याच उपाहारगृहात बसतो. मेनू कार्ड वाचता येत नाही, तेव्हा ओळींवर बोट ठेवत जातो आणि पुढ्यात येतात सूपच्या वाट्यांवर वाट्या. फजिती दिसू नये म्हणून तो त्या सगळ्या संपवतो. प्रेक्षक हसतात, पण भाषा न येणाऱ्या परक्या माणसाची लाज इतक्या नेमकेपणाने क्वचितच पडद्यावर आली असेल. वर्णभेदावर भाषण एकही नाही. ब्रूस लीला हा अनुभव परका नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या या नटाला 'द ग्रीन हॉर्नेट' (१९६६–६७) या अमेरिकी मालिकेत नायकाचा ड्रायव्हर केटो साकारावा लागला. पुढे तिथे मुख्य भूमिका मिळेनात, तेव्हा १९७१ साली त्याने हाँगकाँगच्या चित्रपटसृष्टीची वाट धरली.

रेस्टॉरंटचे वेटर मोकळ्या वेळात जपानी कराटे शिकत असतात. आपली चिनी विद्या त्यांना जुनाट वाटते. तांग लुंगने गुंडांना लोळवल्यावर त्यांचे मत पालटते. मात्र सगळे स्थलांतरित एकजुटीचे दाखवलेले नाहीत. श्रीमंत होऊन हाँगकाँगला बायकामुलांकडे परतायचे, या आशेने रेस्टॉरंटमधला थोरला वांग काका गुंडांना फितूर होतो आणि आपल्याच वेटर पोरांना भोसकतो. सर्वांत हेलावणारा धागा हाच, आणि तो फार घाईने उरकला आहे.

शेवटची लढत कलोसियममधली. समोर कराटे विजेता चक नॉरिस. बाहेरची काही दृश्ये रोममध्ये टिपली गेली. लढतीचा बराचसा भाग हाँगकाँगच्या स्टुडिओतल्या सेटवरचा आहे. दोघे आधी शांतपणे अंग मोकळे करतात, एक मांजराचे पिल्लू पाहत असते. सुरुवातीला मार खाणारा तांग लुंग पायांची लय बदलतो आणि डाव फिरतो. हात-पाय मोडलेल्या प्रतिस्पर्ध्याला तो मान हलवून थांबायला सुचवतो. नॉरिस ऐकत नाही, म्हणून त्याला मारावेच लागते; नंतर त्याचाच कराटेचा अंगरखा तो मृतदेहावर पांघरतो.

परक्यांवर रोखलेली नजर नेमकी टिपणाऱ्या या चित्रपटाची स्वतःची नजर मात्र सगळीकडे स्वच्छ नाही. गुंडांचा चिनी दुभाषा हो याचे बायकी चाळे निव्वळ चेष्टेसाठी आहेत, आणि आज ते खटकतात.

हाँगकाँगमध्ये चित्रपटाने लीच्याच आधीच्या चित्रपटांचे कमाईचे विक्रम मोडले. अमेरिकेत तो त्याच्या मृत्यूनंतर, १९७४ साली, 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन' या नावाने लागला.