काष्ठ-प्लास्टिक संमिश्रांतील जोडद्रव्ये

लाकडाचा बारीक भुसा किंवा तंतू वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून साच्यातून दाबून काढलेल्या पदार्थास काष्ठ-प्लास्टिक संमिश्र म्हणतात. बाजारात तो डब्ल्यूपीसी या नावाने ओळखला जातो. त्यात भुशाचे प्रमाण पुष्कळदा निम्म्यापर्यंत असते. एवढ्या भुशाने पदार्थ ताठ होतो, पण त्या मानाने बळकट होत नाही. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन या लाकडाच्या घटकांतील हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटांमुळे लाकूड ध्रुवीय (रेणूंत विद्युतभार असमान वाटलेला) व जलस्नेही म्हणजे पाणी ओढणारे असते, तर पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिके अध्रुवीय असतात, म्हणून दोन्ही एकमेकांना नीट चिकटत नाहीत. त्यामुळे भार पडला की कण प्लास्टिकपासून सुटतात आणि मधल्या फटींतून पाणी आत शिरते.

यावर उपाय म्हणून लाकूड व प्लास्टिक यांना एकमेकांशी बांधणारे जोडद्रव्य मिसळतात. त्यांतील सर्वाधिक वापरले जाणारे म्हणजे मॅलेइक ॲनहायड्राइडचे कलम केलेले, म्हणजे साखळीवर त्याचे गट रासायनिक बंधांनी बसवलेले, पॉलिप्रॉपिलीन. पॉलिएथिलीनच्या संमिश्रांत त्याच धर्तीचे पॉलिएथिलीन घेतात. ॲनहायड्राइड गट लाकडाशी एस्टर व हायड्रोजन बंधांनी जोडला जातो आणि रेणूची लांब शेपटी भोवतालच्या प्लास्टिकमध्ये गुंतते. हा गुंता महत्त्वाचा आहे, कारण पॉलिप्रॉपिलीनवर अधिक कलमे करण्याच्या प्रक्रियेत साखळ्या तुटून आखूड होतात आणि बंध वाढूनही पकड सैल राहू शकते. एकूण वजनाच्या साधारण २ ते ५ टक्के मात्रा पुरते. तिने ताणबल (ओढ सहन करण्याची ताकद) व नमनबल (वाकवणारा भार सहन करण्याची ताकद) वाढते आणि पाण्याचे शोषण घटते. ताठपणा मात्र फारसा बदलत नाही.

प्रत्यक्ष उत्पादनात जोडद्रव्याच्या निवडीइतकेच वंगणाकडेही लक्ष द्यावे लागते. यंत्रातून माल सहज सरकावा म्हणून घातलेले झिंक स्टिअरेट ॲनहायड्राइड गटांनाच गुंतवून ठेवते आणि महागड्या जोडद्रव्याचा परिणाम बराचसा वाया जातो. म्हणून अशा मिश्रणांत धातुविरहित वंगणे घेतात. भुसा आधी चांगला वाळवावा लागतो, शिवाय सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकूड करपू लागत असल्याने तापमानही आवरावे लागते.

सिलेन या सिलिकॉनयुक्त जोडद्रव्यांचा मार्ग निराळा आहे: व्हिनिलसिलेन पेरॉक्साइडच्या साहाय्याने पॉलिएथिलीनवर बसवले जाते आणि नंतर ओलाव्याच्या संपर्कात पॉलिएथिलीनच्या साखळ्या एकमेकींशी जोडल्या जातात, त्यामुळे दीर्घकाळ भाराखाली येणारा बाक कमी होतो.

भारतात दारांच्या चौकटी व स्वयंपाकघरातील कपाटांसाठी विकले जाणारे डब्ल्यूपीसी फलक बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी स्वतःच ध्रुवीय असल्याने वरील मॅलेइक जोडद्रव्यांचा तेथे फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी अमिनोसिलेनसारखी द्रव्ये अधिक योग्य ठरतात.