जुन्या स्नोमोबाइलचे पुनरुज्जीवन

वर्षानुवर्षे गोठ्यात किंवा उघड्यावर बंद पडलेली स्नोमोबाइल, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा (ट्रॅक) असलेली इंजिनाची गाडी, पुन्हा बर्फावर भरवशाने धावेल इतकी दुरुस्त करण्याचे काम. प्रदर्शनासाठी गाडी नवीकोरी करणे ही वेगळी गोष्ट. तिथे रंग, बैठकीचे कापड आणि मूळ स्टिकर यांना मान असतो. इथे सगळा मान इंजिनाचा.

या छंदाचे माहेर म्हणजे कॅनडा आणि अमेरिकेचा उत्तर भाग. क्वेबेकमधील व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बाँबार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू बाजारात आणली आणि एकट्यादुकट्याला चालवता येईल अशा हलक्या स्नोमोबाइलचे युग सुरू झाले. मिनेसोटात रोझो येथे पोलारिस आणि थीफ रिव्हर फॉल्स येथे आर्क्टिक कॅट या कंपन्या उभ्या राहिल्या. १९६८ साली राल्फ प्लेस्टेड यांचा चमू स्की-डूवर बसूनच उत्तर ध्रुवावर पोहोचला. १९७० च्या सुमारास शंभराहून अधिक कंपन्या या गाड्या बनवत होत्या. पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेक बंद पडल्या. सुट्या भागांची आजची अडचण तिथूनच आली. पण यातही दिलासा आहे. बहुतेक कंपन्या इंजिन स्वतः बनवत नसत. रोटॅक्स, झाक्स, कोलर अशांकडून विकत घेत. म्हणून गाडीच्या नावापेक्षा इंजिनावरची पट्टी आधी वाचावी. गाडीची कंपनी नामशेष झाली असली, तरी त्याच इंजिनाचे पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट दुसऱ्या गाडीच्या निमित्ताने मिळून जातात.

काम सुरू होते ते इंजिन चालू करण्याची दोरी न ओढता. आधी बॉनेट उघडून हवेच्या वाटा तपासतात, कारण पंख्याच्या आवरणात आणि सिलिंडरच्या पात्यांमध्ये उंदरांनी घरटे केलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. ते तसेच राहिले तर इंजिन तापून बसते. मग प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे. जाम झालेल्या इंजिनाला तेल मुरायला काही दिवस द्यावेत. जोर केला की रिंगा तुटतात. इंजिन मोकळे झाले की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजतात. दोन सिलिंडर असतील तर आकड्याइतकेच दोघांमधले अंतरही पाहायचे. एक दहा टक्क्यांहून अधिक मागे असेल तर हेड उघडलेले बरे.

ठिणगी नसेल तर दोष बहुधा फ्लायव्हीलखालच्या पॉइंटवर (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चढलेल्या गंजाचा असतो. फ्लायव्हील पुलर (ओढून काढायचे अवजार) लावूनच काढावे, हातोडीने नव्हे. कार्बोरेटर जुन्या गाड्यांत बहुधा टिलटसनचा डायफ्रॅमवाला (आत पातळ पडदा असलेला), नंतरच्या गाड्यांत मिकुनीचा. डायफ्रॅम उजेडासमोर धरून पाहावा: रबर कडक झाले असेल किंवा बारीकसे छिद्र दिसले, तर तो बदलण्यावाचून इलाज नाही. पेट्रोलच्या नळ्याही सरसकट बदलाव्यात. इथेनॉल मिसळलेल्या आजच्या इंधनापुढे जुने रबर टिकत नाही.

एवढे केले की इंजिन बहुधा धडधडू लागते, आणि नेमका इथेच मोठा धोका असतो. ही इंजिने टू-स्ट्रोक. त्यांत पेट्रोल-तेलाचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (सिलिंडरखालच्या, क्रँकशाफ्ट असलेल्या कप्प्यात) येते, तिथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरमध्ये चढते. त्यामुळे क्रँककेस हवाबंद हवीच. क्रँकशाफ्टच्या टोकांना असलेली ऑइल सील पडून पडून कडक होतात, त्यांतून बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पेट्रोल कमी पडले की त्यात विरघळलेले तेलही कमी पडते. पिस्टन तापतो, त्याच्या माथ्याला भोक पडते किंवा इंजिन सीझ, म्हणजे जाम, होते. अॅक्सिलरेटर सोडल्यावरही वेग लगेच खाली आला नाही, तर हवेची गळती आहे असे समजून इंजिन ताबडतोब बंद करावे. खात्री करण्याची रीत साधी आहे: इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करायची, आत सुमारे ०.४ बार दाबाने हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे आले किंवा दाबमापकाचा काटा काही मिनिटांत खाली आला, की गळती पकडली. सील स्वस्त असतात. ती बदलण्यासाठी इंजिन उतरवण्याची मेहनत मात्र मोठी, म्हणून हे काम टाळले जाते. टाळू नये. जुने पिस्टन पुन्हा मिळतीलच असे नाही.

तेलाचे प्रमाण त्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. त्या काळी २० भाग पेट्रोलला १ भाग तेल हे प्रमाण सर्रास असे.

चालन यंत्रणेत बेल्टला चिरा आहेत का, दोन्ही क्लच मोकळे हलतात का आणि ट्रॅक फाटला आहे का, हे पाहिले की पुरे. चाचणीसाठी मागचा भाग स्टँडवर उचलतात. त्या वेळी गाडीच्या मागे कोणीही उभे राहू नये, कारण ट्रॅकवरून सुटलेली लोखंडी पट्टी गोळीसारखी येते. घसरपट्टीवर चालणारा ट्रॅक कोरड्या जमिनीवर फार वेळ फिरवू नये; ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना थंडावा आणि वंगण बर्फानेच मिळते. अॅक्सिलरेटरची केबल हात सोडताच परत येते का आणि इंजिन बंद करण्याचे बटण चालते का, हे मात्र प्रत्येक वेळी तपासावे.

पहिल्या फेऱ्या छोट्या असाव्यात. वेगात असतानाच इंजिन बंद करून प्लग काढावा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. पांढुरके असेल तर कार्बोरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) घालावा आणि सील पुन्हा तपासावीत.