जावास्क्रिप्टमधील नेस्टेड एलिमेंटांचा शोध

वेब पानावर एका एलिमेंटच्या (पानाच्या एका घटकाच्या) पोटात असलेला दुसरा एलिमेंट जावास्क्रिप्टने हुडकून काढणे, याला नेस्टेड एलिमेंटांचा शोध म्हणतात. ब्राउझर एचटीएमएल (पान लिहिण्याची भाषा) वाचतो तेव्हा टॅगांचे, म्हणजे त्यातल्या खुणांचे, एक झाड मेमरीत उभे करतो. हे झाड म्हणजे डॉम, आणि शोध त्याच्यातच चालतो.

गोव्यातल्या देवळांची यादी असलेले एखादे पान घ्या. बाहेर तालुके, तालुक्याच्या पोटात गावे, गावाच्या पोटात देवळे, अशा एकात एक तीन याद्या. फोंड्याखाली कवळे, प्रियोळ, बांदोडे. प्रियोळात मंगेशी आणि म्हार्दोळची म्हाळसा. शांतादुर्गा मात्र कवळ्यात आहे, पेडणे तालुक्यात धारगळला आहे आणि केपे तालुक्यात फातर्प्यालाही आहे. तिन्ही देवळांना 'शांतादुर्गा' हा क्लास (गटाचे नाव) दिला आणि डॉक्युमेंटवर, म्हणजे पूर्ण पानावर, क्वेरीसिलेक्टर (शोधाची आज्ञा) चालवला, तर पानावर आधी येणारे एकच देऊळ हाती लागते. तालुके उत्तरेकडून मांडले असतील तर ते धारगळचे. कवळ्याचेच हवे असेल तर फोंड्याचा एलिमेंट आधी पकडून शोध त्याच्यावर लावायचा, नाहीतर '#फोंडा .शांतादुर्गा' असा सिलेक्टर, म्हणजे काय शोधायचे त्याचे वर्णन, लिहायचा. ('#' पुढे आयडी, म्हणजे एकाच एलिमेंटचे नाव, आणि '.' पुढे क्लास येतो. दोन्ही देवनागरीत चालतात, फारसे कोणी वापरत नाही एवढेच.) मधली मोकळी जागा म्हणजे 'आत, कितीही खोल'. तिथे '>' घातले तर फक्त थेट अपत्ये मिळतात, आणि देऊळ गावाच्या यादीत असल्याने काहीच सापडत नाही.

जावास्क्रिप्ट १९९५ सालचे. डॉमचे पहिले प्रमाणक १९९८ मध्ये आले, त्यात टॅगच्या नावावरून शोधायची सोय होती. सीएसएसच्या (पानाची सजावट लिहिण्याच्या भाषेच्या) सिलेक्टरने शोधायची सवय लोकांना लावली ती २००६ च्या जेक्वेरी या लायब्ररीने. क्वेरीसिलेक्टर ब्राउझरांत त्यानंतर, २००८-०९ च्या सुमारास आला. वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अंतिम मान्यता २०१३ ची.

या क्वेरीसिलेक्टरची एक खोड भल्याभल्यांना चकवते. फोंड्याचा एलिमेंट हातात धरून फक्त देवळे मिळावीत म्हणून क्वेरीसिलेक्टरऑलला (जुळणारे सगळे देणाऱ्या त्याच्या भावंडाला) 'यूएल यूएल एलआय' (यूएल म्हणजे यादी, एलआय म्हणजे तिच्यातली नोंद) दिले, तरी देवळांसोबत कवळे, प्रियोळ ही गावेही येतात. कारण सिलेक्टर जुळतो की नाही हे पूर्ण पानाच्या हिशेबाने ठरते, फोंड्याची चाळणी नंतर लागते. फोंड्याबाहेरची तालुक्यांची यादी पहिला 'यूएल' म्हणून मोजली जाते आणि गावांची दुसरा. सुरुवातीला ':स्कोप' (ज्याच्यावर शोध लावला तो एलिमेंट) जोडले की मोजणी फोंड्यापासूनच होते आणि नुसती देवळे उरतात.

जुनी गेटएलिमेंट्सबायटॅगनेम ही पद्धत जिवंत संग्रह देते, म्हणजे पान बदलले की संग्रहही बदलतो. शून्यापासून मोजत एकेक एलिमेंट काढत गेलात तर पहिला गेल्यावर दुसरा त्याच्या जागी सरकतो, मोजणी मात्र पुढे गेलेली असते, म्हणून एकाआड एक एलिमेंट शिल्लक राहतात. क्वेरीसिलेक्टरऑलची यादी गोठलेली असते, तिथे हा घोळ नाही.

उलट दिशेला, म्हणजे आतून बाहेर शोधायला, क्लोजेस्ट कामी येतो. वाचकाने फातर्प्याच्या देवळावर क्लिक केले, तर तिथून वर चढत तो केप्यापर्यंत पोचतो. प्रत्येक देवळाला वेगळा लिसनर (क्लिकची वाट पाहणारा कोड) लावण्यापेक्षा बाहेरच्या यादीवर एकच लावून क्लोजेस्ट वापरणे केव्हाही बरे.

मजकुरावरून शोधायचे काम सिलेक्टरचे नाही. त्यासाठी एलिमेंटांवर लूप फिरवून टेक्स्टकंटेंट (आतला मजकूर) तपासावा लागतो, आणि तिथे साखळी व सांखळी ही एकाच गावाच्या नावाची दोन रूपे कॉम्प्युटरला दोन वेगळी गावे वाटतात. आयफ्रेम (पानात बसवलेले दुसरे पान) आणि शॅडो डॉम (एलिमेंटच्या आत वेगळे राखलेले झाड) यांच्या आतले काहीही बाहेरच्या शोधात येत नाही. त्यांच्यात शिरून पुन्हा विचारावे लागते. काही न सापडल्यास क्वेरीसिलेक्टर 'नल' (काहीच नाही) देतो, क्वेरीसिलेक्टरऑल रिकामी यादी. सिलेक्टर बरोबर असूनही 'नल' येत असेल तर बहुतेक वेळा स्क्रिप्ट हेडमध्ये (पानाच्या सुरुवातीच्या भागात) असते आणि ती चालते तेव्हा देवळे अजून झाडावर आलेलीच नसतात.